ल्युबोव्ह पोपोव्हा : कॅनव्हासपासून चिटापर्यंत

रशियन चित्रकार, नेपथ्यकार आणि कापडावरील नक्षीची संकल्पक ल्युबोव्ह सेर्गेयेव्हना पोपोव्हा २५ मे १९२४ रोजी मॉस्कोत वारली. तिचे वय तेव्हा ३५ होते. काही दिवस आधीच तिचा लहान मुलगा स्कार्लेट ज्वराने गेला होता आणि त्याच्याकडून तोच आजार तिला जडला. तिचे शेवटचे काम तेव्हा मॉस्कोच्या कापड गिरणीत छपाईच्या रुळांवरून कापडावर उतरत होते. तिच्या नक्षीचे चीट दुकानांत विकले जात होते. ते अंगावर घालणाऱ्या बहुतेक बायकांनी तिचे नाव ऐकलेलेही नव्हते.

स्कार्लेट ज्वर स्ट्रेप्टोकॉकस जातीच्या जीवाणूंमुळे होतो, हे अमेरिकेतील जॉर्ज आणि ग्लॅडिस डिक या दांपत्याने याच सुमारास, १९२३-२४ मध्ये सिद्ध केले. पेनिसिलिन सर्रास मिळू लागायला मात्र आणखी वीस वर्षे जायची होती. आज आठ-दहा दिवसांच्या गोळ्यांनी बरा होणारा हा आजार तेव्हा घरातून एकामागून एक माणसे नेत असे.

पोपोव्हाच्या कलाजीवनाचा खरा काळ जेमतेम बारा वर्षांचा, १९१२ ते १९२४. एवढ्या अवधीत तिने घनवाद पचवला आणि केवळ रंगांच्या प्रतलांची अमूर्त चित्रे उभी केली. पुढे कुंचला बाजूला ठेवून ती रंगमंचाकडे वळली, पुस्तकांची व मासिकांची वेष्टने केली आणि शेवटी कापडावर येऊन थांबली. हा प्रवास अनेकदा दोन तुकड्यांत सांगितला जातो : आधी एक थोर चित्रकार होती, मग क्रांतीच्या भरात तिने चित्र सोडून दिले. ही मांडणी तिच्यावर अन्याय करणारी आहे. चित्रात तिने जो प्रश्न हाती घेतला होता तोच तिने रंगमंचावर आणि गिरणीत सोडवला. तिचे काम क्रमाने पाहिले की हे स्पष्ट दिसते.

तिचा जन्म २४ एप्रिल १८८९ रोजी मॉस्कोजवळच्या इव्हानोव्हस्कोये येथे झाला. वडील सेर्गेई मॅक्सिमोविच पोपोव्ह हे कापडाचे बडे व्यापारी आणि कलांचे आश्रयदाते. घरात पैसा होता, पुस्तके होती, संगीत होते आणि कापडही होते. मुलांना चित्रकलेचे शिक्षण देण्यासाठी शिक्षक घरी येत. दोन भाऊ, एक बहीण. त्यांपैकी पाव्हेल पुढे तत्त्वज्ञ झाला. लेखक मिखाईल बुल्गाकोव्हचा मित्र आणि पहिला चरित्रकार म्हणून रशियन साहित्यात त्याचे नाव आहे. बहिणीच्या मृत्यूनंतर तिच्या चित्रांची निगाही त्यानेच राखली.

मॉस्कोत १९०७-०८च्या सुमारास ती स्तानिस्लाव झुकोव्हस्की आणि नंतर कॉन्स्तान्तिन युऑन यांच्या खाजगी कलाशाळांत शिकली. शिल्पकार वेरा मुखिना, चित्रकार नाद्येझ्दा उदाल्त्सोव्हा आणि वास्तुकार अलेक्झांडर व्हेस्निन ही आयुष्यभराची मंडळी तिला याच वर्षांत भेटली. पण तिच्या डोळ्यांचे शिक्षण वर्गापेक्षा प्रवासात अधिक झाले. १९०९ मध्ये तिने कीव्हमध्ये मिखाईल व्रुबेलची चर्चमधील भित्तिचित्रे पाहिली. १९१० मध्ये कुटुंबाबरोबर ती इटलीला गेली आणि जोत्तो व आरंभीच्या प्रबोधनकालीन चित्रकारांत रमली. त्याच काळात प्स्कोव्ह, नोव्हगोरोद, यारोस्लाव्ह, सुझ्दाल अशी जुनी रशियन शहरे पालथी घालून तिने तिथली प्रतिमाचित्रे पाहिली. चर्चमधल्या या जुन्या लाकडी फळ्यांवरची चित्रे अवकाशाचा आभास निर्माण करण्याच्या फंदात पडत नाहीत. लाल, गेरू, गडद निळा असे सपाट रंग एकमेकांशेजारी ठाम उभे असतात आणि कडा स्वच्छ असतात. तिची पुढची अमूर्त चित्रे पॅरिसमुळे घडली असे सर्रास लिहिले जाते. पॅरिसइतकेच श्रेय नोव्हगोरोदलाही द्यायला हवे.

पॅरिसला ती १९१२च्या हिवाळ्यात उदाल्त्सोव्हाबरोबर गेली. ‘ला पालेत’ या कलाशाळेत ऑन्री ल फोकोनिये आणि जॉं मेत्झांजे हे घनवादी चित्रकार शिकवत. वस्तू एकाच जागेवरून पाहायची सवय मोडायला ती तिथे शिकली. मॉस्कोत परतल्यावर चित्रकार व्लादिमीर तात्लिनच्या सहवासात काम सुरू झाले. १९१४ मध्ये मुखिनाबरोबर ती पुन्हा फ्रान्स-इटलीला जाऊन आली आणि महायुद्ध पेटल्यावर परदेशाची वाट बंद झाली. युद्धाच्या या वर्षांत मॉस्कोतले तिचे घर चित्रकार आणि लेखकांच्या नियमित बैठकीची जागा झाले होते.

१९१३ ते १९१५ या काळातील तिची चित्रे घनवाद आणि इटालियन भविष्यवाद यांच्या मिश्रणातून आलेली आहेत. ‘प्रवासी स्त्री’, ‘पियानोवादक’, ‘व्हायोलिन’ आणि भाऊ पाव्हेलवरून केलेले ‘तत्त्वज्ञाचे चित्र’ ही त्यांतली महत्त्वाची. आकृती फुटते, तिचे तुकडे कोनांत विखुरतात, मध्येच छापील अक्षरे येतात. ती तिच्या पिढीतल्या अनेकांसारखी आहेत, हे मान्य करावे लागते. वेगळेपण जाणवते ते १९१५च्या ‘टेबलावरील सुरई’सारख्या कामात. इथे पुठ्ठा वाकवून, त्यावर रंग चढवून तिने चित्राला खरोखरचा उठाव दिला. सुरईचा फुगीरपणा छायेने दाखवण्याऐवजी तो प्रत्यक्षात बाहेर आला. चित्र म्हणजे एखाद्या गोष्टीची प्रतिमा की स्वतःच बांधलेली एक वस्तू, हा प्रश्न तिच्या कामात इथे पहिल्यांदा उघडपणे येतो आणि शेवटपर्यंत तिला सोडत नाही.

१९१५ साली पेत्रोग्राडमध्ये दोन प्रदर्शने गाजली : मार्चमध्ये ‘ट्राम-वे व्ही’ आणि डिसेंबरमध्ये ‘०.१०’. दोन्हींत ती होती. दुसऱ्या प्रदर्शनात काझिमिर मालेविचने ‘काळा चौकोन’ मांडला. मालेविच आणि तात्लिन यांच्यातील वैर इतके टोकाला गेले होते की तात्लिन, पोपोव्हा आणि उदाल्त्सोव्हा यांनी वेगळ्या दालनात चित्रे लावली आणि हे व्यावसायिक चित्रकारांचे दालन आहे अशी पाटी तात्लिनने बाहेर ठोकली. पोपोव्हाचे मोठेपण असे की तिने कोणाचीही कंठी बांधली नाही. वर्षभरात ती मालेविचच्या ‘सुप्रेमुस’ गटात सामील झाली, गटासाठी बोधचिन्हांचे आराखडे केले, आणि तरी तात्लिनकडून उचललेला वस्तूच्या वजनाचा आग्रह तिने सोडला नाही. १९१६ मध्ये ती समरकंदला जाऊन आली. तिथल्या वास्तूंचे उंच कमानीचे दर्शनी भाग तिने मन लावून पाहिले.

त्यानंतर आली ‘चित्रवास्तू’ या नावाने ओळखली जाणारी मालिका, १९१६ ते १९१८ची. चित्रकार म्हणून तिचे स्थान याच कामावर उभे आहे. मालेविचच्या चित्रांत चौकोन आणि पट्ट्या पांढऱ्या पोकळीत तरंगतात. पोपोव्हाच्या चित्रांत पोकळी उरतच नाही. लाल, काळी, करडी, नारिंगी, निळी प्रतले कॅनव्हासच्या कडांपर्यंत भिडलेली असतात, एकावर एक चढलेली, एकमेकांना रेटणारी. एखादी पांढरी पाचर मागून येते आणि मधल्या लाल चौकटीला कापून पुढे निघते. कोणते प्रतल वर आणि कोणते खाली हे क्षणभर ठरत नाही, आणि तरीही सगळे घट्ट उभे असते. त्यांतला एकही आकार सजावटीसाठी आलेला नाही. एखादा काढून घेतला तर शेजारचा पडेल असे वाटत राहते. चित्राला वास्तूचे नाव देण्यामागे तिचा हाच अर्थ होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या पाव भागातील अमूर्त चित्रांत या मालिकेइतकी भक्कम चित्रे मोजकीच आहेत.

याच वर्षांत युक्रेनमधल्या व्हेर्बोव्हका गावच्या भरतकामाच्या सहकारी गटासाठी तिने नक्षीचे आराखडे केले. चित्रकार मंडळी कागदाची रंगीत कात्रणे चिकटवून आराखडा पाठवत आणि गावातल्या बायका तो रेशमी धाग्यांत उतरवत. १९१७च्या डिसेंबरात या कामाचे प्रदर्शन मॉस्कोत भरले. तिचे कापडाशी असलेले नाते क्रांतीनंतरच्या सरकारी धोरणातून सुरू झाले, या समजुतीला व्हेर्बोव्हकाचे काम हे सरळ उत्तर आहे.

१९१८च्या मार्चमध्ये तिने बोरिस फॉन एडिंग या कला-इतिहासकाराशी लग्न केले. जुनी रशियन वास्तुकला हा त्याचा विषय. नोव्हेंबरमध्ये मुलगा झाला. यादवी युद्धाचे दिवस होते आणि मॉस्कोत अन्न आणि सरपण दोन्हींची टंचाई होती. १९१९च्या उन्हाळ्यात कुटुंब दक्षिणेला डॉन नदीकाठच्या रोस्तोव्हला गेले. तिथे पतीला विषमज्वर झाला आणि तो गेला. ती स्वतःही मरणाच्या दारातून परतली आणि तान्हे मूल घेऊन मॉस्कोला आली. त्या वर्षातली तिची चित्रे फार थोडी आहेत, आणि त्याचे कारण शोधायला कलासमीक्षेत शिरण्याची गरज नाही.

१९२०पासून मात्र कामाने असा वेग घेतला की पुढली चार वर्षे महिन्यामहिन्याने सांगावी लागतील. ‘व्हखुतेमास’ या नव्या सरकारी कला-तंत्र विद्यालयात ती व्हेस्निनबरोबर रंगरचनेचा प्राथमिक अभ्यासक्रम शिकवू लागली. रंग हा वस्तूवर चढवायचा लेप नसून त्याला स्वतःचे वजन, घनता आणि दिशा असते, हे विद्यार्थ्यांनी अभ्यासातून स्वतः पडताळायचे असे. ‘इनखुक’ या संशोधनसंस्थेत अलेक्झांडर रोद्चेन्को, वार्वारा स्तेपानोव्हा आदी कलावंतांबरोबर रचना आणि मांडणी यांतल्या भेदावर वाद झडत. रचनावाद या नावाने पुढे जग ज्याला ओळखू लागले तो विचार या खोल्यांत आकाराला येत होता.

‘अवकाश-शक्ती रचना’ ही तिची शेवटची चित्रमालिका याच काळातली. कॅनव्हास दुर्मीळ झाला होता आणि तिने प्लायवूड घेतले. पण टंचाईतून आलेली ही फळी तिने कामाचा भाग करून टाकली. लाकडाचा उघडा रंग आणि रेषा पार्श्वभूमी म्हणून तशाच ठेवल्या आणि त्यावरून तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेषा आणि वर्तुळाचे चाप ओढले. काही ठिकाणी तैलरंगात भुकटी मिसळून पृष्ठभाग खरखरीत केला. आधीच्या चित्रांतली जड प्रतले इथे गेली आणि फक्त ताण उरले, पुलाच्या सांगाड्यासारखे. काही फळ्या तिने दोन्ही बाजूंनी वापरल्या आहेत.

१९२१च्या सप्टेंबरमध्ये मॉस्कोत ‘५ x ५ = २५’ हे प्रदर्शन भरले. पोपोव्हा, रोद्चेन्को, स्तेपानोव्हा, व्हेस्निन आणि अलेक्झांड्रा एक्स्टर या पाच जणांची प्रत्येकी पाच कामे त्यात होती. सूचिपत्रे हाताने केलेली होती. आपली चित्रे ही पुढे प्रत्यक्ष सामग्रीत करायच्या रचनांची पूर्वतयारी समजावी, असे पोपोव्हाने त्यात नोंदवले. नोव्हेंबरमध्ये ‘इनखुक’च्या पंचवीस सदस्यांनी ईझलवरचे चित्र सोडून उत्पादनाच्या क्षेत्रात जाण्याचा निर्णय घेतला. ती त्यांच्यात होती. हा निर्णय वरून लादलेला नव्हता. १९२१ साली सोव्हिएत सरकारला चित्रकारांनी काय करावे याची तितकीशी पर्वाही नव्हती. निर्णय त्यांचा स्वतःचा होता आणि पोपोव्हाच्या बाबतीत तो सहा वर्षांपूर्वीच्या त्या वाकवलेल्या पुठ्ठ्याच्या सुरईतूनच निघाला होता.

रंगभूमीवर तिला आणले दिग्दर्शक व्सेव्होलोद मेयरहोल्डने. पहिली मोठी योजना १९२१च्या मे महिन्यातली. कॉमिन्टर्न या आंतरराष्ट्रीय साम्यवादी संघटनेच्या तिसऱ्या अधिवेशनासाठी मॉस्कोच्या खोदिन्का मैदानावर भव्य सामूहिक प्रयोग करायचा होता. पोपोव्हा आणि व्हेस्निन यांनी दोन नगरांचा आराखडा काढला, एका टोकाला भांडवलशाहीचा किल्ला आणि दुसऱ्या टोकाला भविष्याचे शहर. पैसा नव्हता म्हणून ते कागदावरच राहिले.

२५ एप्रिल १९२२ रोजी मात्र पडदा उघडला, किंवा खरे तर पडदा नव्हताच. बेल्जियन नाटककार फेर्नां क्रोमेलिंकच्या ‘उदार नवरा’ या प्रहसनाचा हा मेयरहोल्डने बसवलेला प्रयोग. नाटक घडते एका पिठाच्या गिरणीत. संशयाने पछाडलेला नवरा स्वतःच्या निष्ठावान बायकोला गावभरच्या पुरुषांकडे ढकलतो, असे त्याचे कथानक. पोपोव्हाने गिरणीचे चित्र रंगवले नाही. रंगलेले पडदे, भिंती, छत, विंगा सगळे काढून टाकल्यावर रंगमंचाची मागची विटांची भिंत उघडी पडली आणि तिच्यापुढे उभे राहिले एक लाकडी यंत्र : दोन मचाणे, त्यांना जोडणारा पूल, जिने, एक घसरगुंडी, फिरते दार, पवनचक्कीची पाती आणि वेगवेगळ्या आकारांची तीन चाके. मोठ्या काळ्या चाकावर नाटककाराच्या नावातील व्यंजने पांढऱ्या अक्षरांत होती. नाटकातला मत्सर भडकला की चाके फिरत, कमीजास्त वेगाने, कधी उलटसुलट. नवऱ्याच्या मनात काय चालले आहे हे प्रेक्षकाला संवादाआधी चाकांवरून कळे.

इगोर इल्यिन्स्की, मारिया बाबानोव्हा आणि वासिली झाइचिकोव्ह हे मुख्य नट या सांगाड्यावर धावत, घसरत, लटकत. मेयरहोल्डच्या ‘बायोमेकॅनिक्स’ या अभिनयपद्धतीला, म्हणजे नटाच्या शरीराच्या मोजूनमापून केलेल्या हालचालींना, हे व्यासपीठ आणि कसरतीचे साधन दोन्ही होते. कपडे सगळ्यांना सारखेच, कामगारांचे निळे. एखाद्या पात्राला गळ्याभोवती गोंडे, एखाद्याला एकभिंगी चष्मा, एवढाच फरक. नटाला हालचाल करता यावी आणि तो नट म्हणून काम करतो आहे हे दिसावे, यासाठी तो पोशाख होता. ‘चित्रवास्तू’त ज्या प्रतलांना रेटा होता त्यांच्यावर आता माणसे चढत होती. ‘अवकाश-शक्ती रचना’तले चाप खरोखरची चाके झाले होते. काही सहकाऱ्यांनी मात्र तिला धारेवर धरले. उपयुक्त वस्तू करण्याची प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने नाटकाच्या भ्रमविश्वात शिरावे कसे, असा त्यांचा आक्षेप. तिने इनखुकमध्ये उभे राहून आपल्या कामाची बाजू मांडली. हे नेपथ्य विसाव्या शतकातील रंगभूमीच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे. त्याच्या प्रतिकृती पुढे संग्रहालयांसाठी करण्यात आल्या.

१९२३च्या मार्चमध्ये ‘पृथ्वी उलथली’ या प्रयोगात ती आणखी पुढे गेली. इथे तिने जवळपास काहीच घडवले नाही. वस्तू आणल्या. मोटारगाडी, मोटारसायकली, तोफा, लष्करी स्वयंपाकाची गाडी आणि मध्यभागी यारीचा प्रचंड लाकडी सांगाडा, त्यावर घोषणा दाखवणारा पडदा. पहिल्या प्रयोगाची सर याला नाही. खऱ्या वस्तूंच्या गर्दीत तिचा स्वतःचा हात दिसेनासा होतो. याच काळात ती मेयरहोल्डच्या कार्यशाळेत रंगमंचीय वस्तुरचना शिकवत होती, पुस्तकांची आणि संगीताच्या मासिकाची वेष्टने आणि भित्तिपत्रके करत होती. अक्षरे हीच प्रतले मानून जाड, सरळ, लाल-काळ्या पट्ट्यांमध्ये बसवण्याची तिची पद्धत या कामांत ओळखू येते.

कापडाचे आमंत्रण १९२३ मध्ये आले. मॉस्कोतली पहिली सरकारी कापड-छपाई गिरणी ही क्रांतीपूर्वी त्सिंडेल या नावाने चालणारी जुनी, मोठी गिरणी. यादवी युद्धात मध्य आशियाचा कापूस तुटला होता आणि गिरण्या थंडावल्या होत्या. त्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा नव्या नक्षी काढणारे कोणी नव्हते. जुनी फुले आणि वेलबुट्ट्या, पॅरिसच्या नमुन्यांच्या नकला, यांवरच काम भागवले जात होते. चित्रकारांना बोलावणे धाडले गेले, आणि प्रत्यक्ष गेल्या त्या दोघीच, पोपोव्हा आणि स्तेपानोव्हा.

दोघींनी गिरणीच्या व्यवस्थापनाला दिलेले निवेदन मुळातून समजून घेण्यासारखे आहे. नक्षीचे कागद बाहेरून आणून देणारे कारागीर म्हणून राहायला त्यांनी नकार दिला. उत्पादनाची आखणी करणाऱ्या समितीत मतासह जागा हवी, रंगाच्या प्रयोगशाळेत प्रवेश हवा, शिवणाऱ्या संस्था आणि फॅशनची मासिके यांच्याशी थेट संपर्क हवा, जाहिरात आणि दुकानाच्या दर्शनी काचेची मांडणी यांतही हात हवा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. कापड-संकल्पकाला वस्तूच्या पूर्ण साखळीत स्थान असावे, ही गोष्ट आज डिझाइनच्या प्रत्येक विद्यालयात शिकवतात. १९२३-२४ साली ती एका गिरणीच्या कार्यालयात मांडली जात होती. व्यवस्थापनाने यांतले फार थोडे मान्य केले.

रुळावरची छपाई कडक शिस्त लावते. प्रत्येक रंगाला तांब्याचा स्वतंत्र कोरीव रूळ लागतो. म्हणून रंग वाढला की खर्च वाढतो. नक्षी रुळाच्या परिघात नेमकी बसून पुन्हा पुन्हा उमटली पाहिजे आणि दोन आवर्तनांमधला सांधा दिसता कामा नये. आणि मग ते कापड कोणीतरी कापणार, चुण्या घालणार, बाही जोडणार. नक्षीने तेही सोसले पाहिजे. पोपोव्हाने पट्टी आणि कंपास घेतला आणि एक, दोन, फार तर तीन रंगांत काम केले. एका प्रकारात उभ्या-आडव्या पट्ट्यांच्या जाळीवर वर्तुळे येतात आणि वर्तुळाच्या आत शिरताच पट्टीचा रंग किंवा दिशा बदलते. एवढ्या एका युक्तीने सपाट चीट पुढे-मागे हलू लागते. दुसऱ्या प्रकारात त्रिकोण आणि चौकोन असे गुंफले आहेत की कापडाचा पांढरा भागही आकार होऊन पुढे येतो. हातोडा-विळा आणि तारा यांची नक्षीही तिने केली, आणि तिथेसुद्धा घोषणेपेक्षा लय आधी दिसते. ‘चित्रवास्तू’मधले तेच प्रश्न, कोणते प्रतल वर, कोणते खाली, इथे मीटरवर विकले जात होते. त्याच कापडांच्या पोशाखांचे आराखडेही तिने केले : सैल, सरळ, मोठ्या कॉलरचे, चालताना आडवे न येणारे.

१९२४च्या वसंतात मॉस्कोच्या कामकरी बायकांच्या अंगावर जुन्या फुलांऐवजी या ठसठशीत नक्षी दिसू लागल्याचे समीक्षक याकोव्ह तुगेंडहोल्ड यांनी नोंदवले आहे. एखाद्या शेतकरी बाईने दुकानात आपल्या नक्षीचा कपडा फाडून घेतलेला पाहून जे समाधान मिळते ते कोणत्याही चित्राच्या यशात मिळाले नाही, अशा आशयाचे पोपोव्हाचे बोलही त्यांच्याच लेखनातून आज आपल्यापर्यंत पोहोचले आहेत. त्याच वसंताच्या अखेरीस ती गेली.

सहकाऱ्यांनी तिचा सन्मान केला तो योग्य रीतीने. ‘लेफ’ या मासिकाने तिला श्रद्धांजली वाहिली. २१ डिसेंबर १९२४ रोजी मॉस्कोत तिच्या कामाचे मोठे स्मृतिप्रदर्शन उघडले. त्यात ७७ चित्रांबरोबर पुस्तके, भित्तिपत्रके आणि कापडाच्या नक्षी मांडलेल्या होत्या. चित्रांचा मान वेगळा आणि चिटाचा वेगळा असा भेद त्यांनी केला नाही.

पुढच्या दशकात हे सगळेच बुडाले. १९३२ मध्ये स्वतंत्र कलासंघटना बरखास्त झाल्या आणि समाजवादी वास्तववाद ही एकमेव मान्य शैली ठरली. मेयरहोल्डला १९३९ मध्ये अटक झाली आणि १९४०च्या फेब्रुवारीत गोळ्या घालण्यात आल्या. पोपोव्हाची संग्रहालयांतली चित्रे तळघरांत गेली, घरची चित्रे नातेवाइकांकडे राहिली. ती पुन्हा उजेडात आणली जॉर्ज कोस्ताकिस या मॉस्कोत जन्मलेल्या ग्रीक गृहस्थांनी. ते कॅनडाच्या दूतावासात नोकरी करत आणि पगारातून विस्मृतीत गेलेल्या या पिढीची चित्रे जमवत. मॉस्कोबाहेर झ्वेनिगोरोदला पोपोव्हाच्या नातलगांकडे गेले असता त्यांना तिची प्लायवूडवरची एक रचना खिडकीला ठोकलेली आढळली. खिडकी उघडी पडेल म्हणून घरमालक ती द्यायला तयार नव्हता. कोस्ताकिस मॉस्कोला परत गेले, त्याच मापाचा प्लायवूडचा तुकडा घेऊन आले आणि अदलाबदल केली. १९७७ मध्ये देश सोडताना त्यांनी संग्रहाचा मोठा भाग त्रेत्याकोव्ह कलादालनाला दिला. बरोबर नेलेल्यांपैकी १,२७५ कामे ग्रीक सरकारने २००० साली विकत घेतली. ती आता थेसालोनिकीच्या सरकारी संग्रहालयात आहेत. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने तिचे स्वतंत्र प्रदर्शन भरवले आणि २००९ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नने रोद्चेन्कोबरोबर तिचे काम मांडले.

तरुण वयात गेलेल्या कलावंताविषयी लिहिताना तो जगता तर काय करता, या अंदाजात लेखणी हमखास अडकते. पोपोव्हाच्या बाबतीत हा मोह टाळायला हवा. पुढच्या वर्षांचे ओझे तिच्या सोबत्यांवर कसे पडले हे माहीत आहे; तिच्यावर ते कसे पडले असते हे कोणी सांगू शकत नाही. हाती आहे ते बारा वर्षांचे काम, आणि ते कुठेही अर्धवट वाटत नाही. तिने केलेले कापड मात्र फारसे उरलेले नाही. ते वापरले गेले, धुतले गेले, विरले. आज पाहायला मिळतात ते बहुतांशी कागदावरचे आराखडे, काही नमुन्यांचे तुकडे आणि त्या काळची छायाचित्रे. तिच्या कामाचा संग्रह हाती येईल त्या वाचकाने सुरुवात या शेवटच्या पानांपासून करावी आणि मग मागे १९१६च्या चित्रांकडे जावे.